अर्थशास्त्राच्या एम.ए.ची कैफियत

दरवर्षी पदवी परीक्षांचे निकाल लागले आणि महाविद्यालयांच्या कचेऱ्यांपुढे प्रवेशेच्छूंची गर्दी होऊ लागली, म्हणजे आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गात सल्ल्यांचाही एक हंगाम सुरू होतो, आणि या हंगामात ज्या विद्यार्थ्याने अर्थशास्त्र हा विषय घेऊन पदव्युत्तर अभ्यास करण्याचा मनोदय बोलून दाखविला असेल, त्याच्या वाट्यास काका, मामा, शेजारी आणि निवृत्त मुख्याध्यापक या सर्वांकडून येणारा सल्ला बहुधा एकच असतो: "एम.ए. करून काय मिळणार? त्यापेक्षा एम.बी.ए. कर, नाहीतर पुण्यास जाऊन स्पर्धा परीक्षेची तयारी कर." हा सल्ला देणारी माणसे विद्यार्थ्याची हितचिंतक असतात, हे मला मान्य आहे, त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे यत्किंचितही कारण नाही. माझी शंका आहे ती त्यांच्या हिशेबाविषयी. आणि तो हिशेब इतक्या घरांत, इतक्या आत्मविश्वासाने आणि इतका न तपासता मांडला जातो की, त्याची एकदा कलमवार रुजवात घालणे अगत्याचे झाले आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्णपणे मांडल्याखेरीज त्याच्या खंडनास हात घालू नये, हा आपल्याकडील शास्त्रचर्चेचा जुना दंडक आहे. म्हणून प्रथम पूर्वपक्ष. पहिला आक्षेप पोटाचा: या पदवीने नोकरी मिळत नाही, मिळाली तर तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाची, म्हणजे नोकरीचे नाव आणि रोजमजुरीचे रूप. दुसरा आक्षेप शास्त्राच्या स्वरूपाचा: अर्थशास्त्र हे आता गणिताच्या जंजाळात हरवले असून माणसाच्या जगण्याशी, विशेषतः शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या जगण्याशी, त्याचा काही संबंध उरलेला नाही. तिसरा आक्षेप पदवीच्या आवश्यकतेचा: जगातील उत्तमोत्तम अध्यापकांची व्याख्याने आज घरबसल्या ऐकावयास मिळतात, तेव्हा दोन वर्षे वर्गात बसण्याचे प्रयोजन काय? आणि चौथा, सर्वांत बोचरा आक्षेप आपल्याकडील परिस्थितीचा: दिल्लीत किंवा परदेशात ही पदवी कशीही असो, आमच्या तालुक्याच्या गावी ती 'अपेक्षित' प्रश्नसंचावर आणि झेरॉक्स केलेल्या नोट्सवर मिळते, अशा पदवीचे समर्थन कोणी आणि कशासाठी करावे?

पहिला आक्षेप प्रथम घेऊ, कारण बाकीचे तीन पुष्कळदा त्याच्याच आडोशाने उभे असतात. हा आक्षेप घेणारा गृहस्थ तुलना कशी करतो ते पाहण्यासारखे आहे. एम.ए.चे मोल ठरविताना त्याच्या डोळ्यांपुढे असतो तो तालुक्याच्या महाविद्यालयात तासांच्या हिशेबाने मानधन घेणारा, पस्तिशीस आलेला, नेट-सेट उत्तीर्ण होऊनही कायम नेमणुकीची वाट पाहणारा अध्यापक. आणि स्पर्धा परीक्षेचे मोल ठरविताना त्याच्या डोळ्यांपुढे असतो तो लाल दिव्याच्या आठवणीत अजून उजळून निघणारा उपजिल्हाधिकारी. एका पारड्यात एका वाटेवरचा थकलेला माणूस आणि दुसऱ्या पारड्यात दुसऱ्या वाटेवरचा शिखरावर पोहोचलेला माणूस ठेवून जो तराजू धरला जातो, त्यास तुलना म्हणणे कठीण आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासिकेतील खुर्चीचे भाडे, खाणावळीचे पैसे आणि क्लासची फी भरीत वर्षामागून वर्षे काढणाऱ्या मुलांपैकी जे निवडले जातात त्यांची छायाचित्रे चौकाचौकांत फलकांवर झळकतात. जे निवडले जात नाहीत ते वयाची मर्यादा उलटली की निमूटपणे गावी परततात, आणि त्यांचा फलक कोणी लावीत नाही. म्हणून जो केवळ फलक पाहून सल्ला देतो, त्यास निम्मी आकडेवारी दिसतच नाही. किती जण बसले, किती वर्षे बसले, आणि जे राहिले त्यांचे पुढे काय झाले, हे तीन प्रश्न ज्यास सुचत नाहीत, त्याने दुसऱ्याच्या मुलाच्या आयुष्याचा ताळेबंद मांडू नये. आणि हे प्रश्न आपोआप सुचावेत अशी सवय लावणे, हे ज्या अभ्यासक्रमाचे पहिल्या सत्रातले काम आहे, तोच अभ्यासक्रम निरुपयोगी ठरविला जात आहे, ही यातील गंमत आहे.

दुसरी गोष्ट वैकल्पिक खर्चाची. एखादी वाट धरल्याने जी दुसरी सर्वोत्तम वाट सोडावी लागते, तिचे मोल हाच निवडीचा खरा खर्च, हे तत्त्व बारावीच्या पुस्तकातही असते. परंतु ते लावताना मात्र ते फक्त एम.ए.ला लावले जाते. व्यवस्थापनाच्या पदवीसाठी खाजगी संस्थेत कित्येक लाखांचे शुल्क, त्यासाठी काढलेले कर्ज आणि त्या कर्जाचे हप्ते यांची नोंद खर्चाच्या बाजूस कोणी करीत नाही. आणि नामांकित व्यवस्थापन संस्थांतून बाहेर पडणाऱ्यांचे जे पगार वर्तमानपत्रांत छापून येतात, ते त्या शिक्षणाने निर्माण झाले की मुळात अतिशय कठीण चाळणीतून निवडलेल्या माणसांनाच ते मिळणार होते, हाही प्रश्न कोणी विचारीत नाही. पदवी ही कित्येकदा ज्ञानाची नव्हे, तर केवळ धारकाच्या मूळच्याच योग्यतेची खूण असते, हा युक्तिवाद काटेकोर रीतीने मांडला तो मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली. म्हणजे पदव्यांवर घेता येण्याजोगा सर्वांत गंभीर आक्षेपही याच शास्त्राने घेतला आहे, आणि तो सर्व पदव्यांना सारखाच लागू आहे, अर्थशास्त्राच्या एम.ए.लाच तेवढा वेगळा काढून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही.

आता रोजगाराची प्रत्यक्ष बाजू. भारतीय आर्थिक सेवा १९६१ साली स्थापन झाली; तिच्या परीक्षेस बसण्यासाठी अर्थशास्त्राची किंवा त्याच्याशी निगडित विषयाची पदव्युत्तर पदवी लागते, आणि तेथे व्यवस्थापनाचा पदवीधर कितीही हुशार असला तरी त्याचा अर्ज ग्राह्य होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक व धोरण संशोधन विभागाचे दार याच पदवीने उघडते. याखेरीज बँकांचे संशोधन विभाग, पतमानांकन संस्था, धोरण-संशोधनाची केंद्रे, सर्वेक्षणाची कामे, आर्थिक वृत्तलेखन आणि अध्यापन ही क्षेत्रे आहेत. यांतील पहिल्या दोन ठिकाणी जागा फार थोड्या निघतात, आणि अध्यापनात कायम नेमणुका दुर्मिळ झाल्या आहेत, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या विद्यार्थ्याच्या घरास दोन वर्षांनी ठरावीक पगार आलाच पाहिजे, त्याने या वाटेने जाण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, असे मीही सांगेन. परंतु 'जोखीम आहे' या विधानाहून 'काही मिळत नाही' हे विधान वेगळे आहे. पहिले खरे आहे, दुसरे खोटे आहे, आणि सल्ला दिला जातो तो दुसऱ्याच्या आधारावर.

दुसरा आक्षेप गणिताचा. आणि तो बहुधा अशा लोकांकडून येतो ज्यांच्या मनात शेतकऱ्याविषयी खरी कळकळ असते, म्हणून त्यास उत्तर शेतमालाच्याच उदाहरणाने देणे योग्य. लासलगावच्या बाजार समितीतील कांद्याची रोजची आवक आणि रोजचा सरासरी भाव यांची काही वर्षांची नोंद एखाद्या विद्यार्थ्यापुढे ठेवावी आणि त्यास सांगावे की, आडव्या अक्षावर आवक व उभ्या अक्षावर भाव घेऊन प्रत्येक दिवसाचा एक ठिपका मांड. ठिपक्यांचा जो पसरट ढग तयार होतो, त्यातून एक रेषा ओढून 'ही मागणीची रेषा' असे म्हणण्याचा मोह त्यास होतो, आणि चांगला अध्यापक असेल तर तो नेमका तेथेच त्याचा हात धरतो. कारण प्रत्येक ठिपका हा त्या दिवशीच्या मागणीचा आणि त्या दिवशीच्या पुरवठ्याचा छेदनबिंदू असतो. भाव चढला म्हणून चाळीतला उन्हाळ कांदा बाहेर पडला, की आवक घटली म्हणून भाव चढला, हे त्या ठिपक्यावर लिहिलेले नसते. ही रेषा ना मागणीची असते ना पुरवठ्याची. ती दोघांच्या धक्काबुक्कीची खूण असते. दोहोंना वेगळे करावयाचे तर असे काहीतरी शोधावे लागते जे फक्त एकालाच हलविते. उदाहरणार्थ, नाशिक जिल्ह्यात उभ्या पिकावर झालेली गारपीट, जिने पुरवठा तुटतो पण कोलकात्यातील गृहिणीची कांदा खाण्याची इच्छा बदलत नाही. या युक्तीचा आद्य उपयोग फिलिप राइट यांनी १९२८ साली प्राणिज व वनस्पतिज तेलांवरील जकातीविषयीच्या ग्रंथाच्या परिशिष्टात केला. आज ती अर्थमितीच्या प्रत्येक पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकविली जाते.

यास कोणी पांडित्याचा खेळ म्हणेल, तर त्याने अलीकडचा इतिहास आठवावा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसविले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात निर्यातच बंद केली, आणि ही बंदी मे २०२४ मध्ये उठविली. बंदीनंतर भाव कोसळले, हे सर्वांनी पाहिले. शेतकरी नेत्यांचे म्हणणे असे की, पडझड सगळी बंदीमुळे झाली. उलट बाजूचे म्हणणे असे की, त्याच महिन्यांत लाल आणि पाठोपाठ रांगड्या कांद्याची आवक वाढते, तेव्हा भाव एरवीही उतरलेच असते. दोन्ही विधानांत काही तथ्य आहे. परंतु भरपाईची मागणी करावयाची तर किती क्विंटलमागे किती रुपये बंदीच्या खाती आणि किती हंगामाच्या खाती, हे वेगळे करून दाखवावे लागते, आणि ते केवळ कळकळीने, मोर्च्याने अथवा अग्रलेखाने होत नाही. ज्याच्या हाती हे गणित नाही त्याची फिर्याद कितीही न्याय्य असली तरी ती दप्तरात पडून राहते, कारण समोरच्या पक्षाकडे आकडेमोड करणारे पगारी लोक असतात. गणिताने शास्त्र शेतकऱ्यापासून दूर गेले असेल, तर शेतकऱ्याच्या मुलांनी ते गणित हस्तगत करावे. ते टाकून दिल्याने दुरावा वाढेल, कमी होणार नाही.

हे शास्त्र बांधावर जात नाही, हा आरोप तर महाराष्ट्रात करताना माणसाने थोडे इतिहासाचे भान ठेवावयास हवे. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. ज्या गाडगिळांचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला होता, त्यांनीच पुढे वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी केली, पुणे शहराचे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण केले, आणि विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीने प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याची उभारणी करताना त्याचे अध्यक्षपदही सांभाळले. पुस्तकातला सिद्धान्त आणि कारखान्याची गव्हाण या दोहोंत त्यांना विरोध दिसला नाही. सहकाराच्या पुढच्या काळातील दोषांचे खापर त्यांच्या माथी कोणास फोडावयाचे असेल तर फोडावे, पण त्यांना हस्तिदंती मनोऱ्यातले पंडित मात्र म्हणू नये.

आणि हे शास्त्र निर्विकार आकड्यांचे आहे, त्यास माणसाच्या दुःखाशी कर्तव्य नाही, असे जे म्हणतात, त्यांनी याच पुण्यातील एक जुना वाद एकदा तपशिलाने समजून घ्यावा. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. दररोज माणशी २२५० कॅलरी मिळतील इतके अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर लोक प्रत्यक्षात घेतात, ती पातळी त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून शोधली. १९६०-६१ च्या किमतींप्रमाणे ती ग्रामीण भागात दरमहा माणशी १५ रुपये आणि शहरी भागात साडेबावीस रुपये निघाली, आणि तिच्याखाली ग्रामीण जनतेपैकी सुमारे ४० टक्के व शहरी जनतेपैकी सुमारे ५० टक्के लोक आढळले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतून निवृत्त होऊन पुण्यास आलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी या पद्धतीच्या मुळावरच बोट ठेवले. सरासरी गरज ही सरासरी असते, असे त्यांचे म्हणणे. एकाच निरोगी माणसाचे सेवन आठवड्या-आठवड्यास बदलते आणि शरीर त्या चढउताराशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते, म्हणून जो सरासरीखाली तो कुपोषित असे धरणे चूक आहे, आणि कुपोषणाची सीमा सरासरीच्या बरीच खाली ओढली पाहिजे. तशी ती ओढली की उपाशी माणसांची संख्या एकदम घटते. दांडेकरांना हे मान्य नव्हते; दारिद्र्याचे मोजमाप आणि कुपोषणाचे मोजमाप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, या भेदावर त्यांनी भर दिला, आणि कमी अन्नाशी जुळवून घेणे हे फुकट होत असते असे मानण्यास ते तयार झाले नाहीत.

या वादात कोणाची बाजू बरोबर, हा येथे मुद्दा नाही. मुद्दा असा की, 'प्रमाण विचलन' या नावाखाली जी गोष्ट विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करतो आणि विसरतो, सरासरीतून तिची दुप्पट वजा करावयाची की नाही, एवढ्या एका निर्णयावर कोट्यवधी माणसे सरकारी कागदावर उपाशी ठरणार होती किंवा ठरणार नव्हती. आकडा हा मुका नसतो. तो कोणत्या गृहीतकातून जन्मला हे ज्यास विचारता येते, त्यालाच तो बोलताना ऐकू येतो. हे विचारण्याची विद्या म्हणजेच पदव्युत्तर अर्थशास्त्र. आणि तिला निर्दय म्हणणारा मनुष्य दयाळू असला तरी दारिद्र्याच्या यादीतून आपल्या शेजाऱ्याचे नाव का वगळले गेले, हे त्यास तहसील कचेरीत भांडून सिद्ध करता येणार नाही.

तिसऱ्या आक्षेपाचा, म्हणजे घरबसल्या शिकण्याचा, विचार थोडक्यात करता येईल. व्याख्याने ऐकून माहिती मिळते, आणि काही असामान्य माणसांना त्यातून विद्याही मिळते, हे निर्विवाद. परंतु पदव्युत्तर शिक्षणाचा गाभा ऐकण्यात नसून खोडून काढले जाण्यात आहे. आपण लिहिलेले वाक्य कोणीतरी जाणत्याने वाचून 'हे कशावरून?' असे समासात लिहिणे, हे त्या शिक्षणाचे खरे स्वरूप होय. डॉ. आंबेडकरांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. मिळविली, पुढे लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि तो १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथात त्यांनी सुवर्ण-विनिमय परिमाणाच्या बाबतीत केन्स यांच्यासारख्या मातब्बर लेखकाशी मतभेद मांडला. आणि त्या ग्रंथास प्रस्तावना लिहिताना त्यांचे अध्यापक एडविन कॅनन यांनी विद्यार्थ्याच्या ताजेपणाचे कौतुक करतानाच त्याच्या काही निष्कर्षांशी आपण सहमत नाही, हेही निःसंकोचपणे नोंदविले. असहमत असलेल्या शिष्याच्या ग्रंथास प्रस्तावना लिहिणारा गुरू आणि ती असहमती आपल्याच ग्रंथाच्या आरंभी छापणारा शिष्य, हे नाते कोणत्याही ध्वनिफितीतून मिळत नाही.

त्याच आंबेडकरांचा १९१८ सालचा, भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावरील निबंध या संदर्भात आवर्जून वाचावा असा आहे. जमिनीचे तुकडे पडल्याने शेती तोट्यात जाते, म्हणून तुकडे जोडा आणि धारणा मोठ्या करा, असे त्या वेळच्या बहुतेक जाणत्यांचे मत होते. सत्ताविशीच्या या तरुणाने विचारले की, एखादी जमीन लहान की मोठी हे एकरांवरून ठरतेच कसे? बैल, नांगर, भांडवल आणि राबणारे हात यांच्या प्रमाणात ती पुरेशी आहे की नाही, हा खरा प्रश्न; आणि आपल्याकडे जमिनीवर माणसांचा भार इतका फाजील आहे की, ती माणसे उद्योगधंद्यांत गेल्याखेरीज केवळ गट जोडण्याने दुखणे बरे व्हावयाचे नाही. पुढे १९४७ साली तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. आणि तुकड्यांचा प्रश्न अजून महसूल खात्याच्या दप्तरातून हललेला नाही. हा निबंध स्फूर्तीने सुचलेला नव्हता; उत्पादनाच्या घटकांचे परस्पर प्रमाण या विषयावर वर्गात घोटून घेतलेल्या सिद्धान्ताचा तो शेतावर केलेला विनियोग होता. डॉ. आंबेडकर अलौकिक होते, त्यांचे उदाहरण सामान्यांना लावू नये, असे कोणी म्हणेल. त्यावर माझे उत्तर असे की, अलौकिकासही ज्या पायऱ्या चढाव्या लागल्या, त्या सामान्यास अनावश्यक आहेत असे कसे म्हणावे?

राहिला चौथा आक्षेप, आणि येथे मी प्रतिपक्षाशी अर्ध्या वाटेपर्यंत जाण्यास तयार आहे. आपल्या पुष्कळ महाविद्यालयांत ही पदवी आज ज्या रीतीने दिली जाते, ती रीत समर्थनीय नाही. मूळ ग्रंथ ग्रंथालयात कुलूपबंद, विद्यार्थ्याच्या हाती गाइड, अंशलक्षी अर्थशास्त्राच्या आकृत्या अक्षांची नावे न समजता घोटलेल्या, अर्थमिती 'अवघड' म्हणून पर्यायात टाकलेली, आणि शिकविणारा अध्यापक तासिकेच्या मानधनावर दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करणारा: या चित्रात खोटे काही नाही. परंतु त्यातून निष्कर्ष कोणता काढावयाचा? विहिरीत गाळ साचला तर शहाणा शेतकरी गाळ उपसतो. विहीर बुजवून टाका असे तो म्हणत नाही. कायम जागा वर्षानुवर्षे न भरण्याचा निर्णय विद्यार्थ्याने घेतलेला नाही; तोच तोच प्रश्न सालाआड विचारणारी प्रश्नपत्रिका विद्यार्थ्याने काढलेली नाही. ज्यांनी हे केले, त्या मंडळींपैकी कित्येक जण दिवाणखान्यात बसून 'एम.ए.त काही राम नाही' असे म्हणतात, तेव्हा त्यांच्या सल्ल्यात फिर्यादी आणि आरोपी एकच असतात. आता नव्या शैक्षणिक धोरणान्वये चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची सोय होत आहे. दोन वर्षांत जेथे गाइडापलीकडे जाणे झाले नाही, तेथे एका वर्षात काय होईल, याची चिंता या मंडळींनी आधी वाहावी.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास हा विषय झेपत नाही, हा या आक्षेपाचा पोटभाग तर मला मुळीच मान्य नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबातून आलेला मुलगा एम.ए.च्या वर्गात बसतो, तेव्हा तो श्रमाच्या आणि पतपुरवठ्याच्या बाजाराविषयी अध्यापकाहून अधिक जाणत असतो. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल, ती फिटेपर्यंत फडावर बांधले जाणे, नवरा-बायकोच्या जोडीस एक 'कोयता' धरून होणारा हिशेब, आणि एकटा असेल तर 'अर्धा कोयता' हे त्याने घरात पाहिलेले असते. उचलीवर उघड व्याज दिसत नाही, मग ते कोठे जाते? कर्ज आणि मजुरी यांचे करार एकमेकांत गुंतलेले असतील, तर व्याज कमी मजुरीच्या रूपाने वसूल होऊ शकते, हे विकासाच्या अर्थशास्त्राने सैद्धान्तिक रीतीने दाखविले आहे. आणि जोडीला एक एकक धरल्याने बाईच्या श्रमाची वेगळी मजुरी वहीत कधी येतच नाही, ही गोष्ट तो मुलगा त्या सिद्धान्तास जोडू शकतो. सिद्धान्त त्यास मिळाला तर तो वडिलांच्या वहीतील आकड्यांकडे नव्याने पाहील, आणि त्याने ते आकडे दाखविले तर सिद्धान्तही तपासला जाईल. हे शिकविण्यास इंग्रजी वाचन लागते, ते त्याच्याकडून करवून घ्यावे. परंतु विचार करण्यासाठी त्यास आधी आपल्या भाषेतून बाहेर पडावे लागते, ही समजूत केवळ इंग्रजी माध्यमाच्या शुल्कास पोषक आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. या पदवीस जो नुसता वेळ काढण्यासाठी, वसतिगृहातील खोली टिकविण्यासाठी किंवा दुसऱ्या कशाची तयारी चालू असताना नावापुरता प्रवेश हवा म्हणून जातो, त्यास तिच्यातून काही मिळणार नाही, आणि त्याने तिच्या नावाने खडे फोडू नयेत. जो आकड्यांस भीत असला तरी पहिल्या सत्रात ती भीती मोडण्यास तयार आहे, जो एक तरी मूळ ग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचण्याची आणि आपल्या गावच्या एखाद्या प्रश्नावर स्वतः माहिती गोळा करून प्रबंधिका लिहिण्याची हिंमत धरतो, त्यास ती घेऊ द्यावी. आणि ती घेताना मुंबई, पुणे, दिल्ली की जिल्ह्याचे ठिकाण यापेक्षा तेथे अर्थमिती कोण शिकवितो, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते आणि प्रबंधिका कोण तपासतो, याची चौकशी त्याच्या हितचिंतकांनी करावी. विद्यापीठांनी क्षेत्रपाहणीवर आधारित प्रबंधिका सक्तीची करावी, गणिताची पूर्वतयारी पहिल्या सत्रातच करून घ्यावी, आणि शासनाने अध्यापकांच्या जागा भराव्यात. एवढे झाले तर चौथा आक्षेप आपोआप निकालात निघेल.

'एम.ए. करू नकोस' असे सांगण्याचा हक्क काका-मामांपासून कोणी हिरावून घेत नाही. त्यांनी तो सल्ला द्यावा. मात्र देताना दोन्ही वाटांवरील यशस्वी आणि अयशस्वी अशा सर्वांची गणती करावी, दोन्हीकडील शुल्क, कर्ज आणि सोडून दिलेली मिळकत एकाच रकान्यात मांडावी, आणि फलकावरच्या छायाचित्रास पुरावा समजू नये. असा हिशेब करूनही त्यांचे मत कायम राहिले, तर विद्यार्थ्याने ते आदराने ऐकावे. तोपर्यंत त्यांच्या सल्ल्यास आपुलकीपलीकडे आधार नाही, आणि दोन वर्षांचा निर्णय नुसत्या आपुलकीवर सोडणे, हे सल्ला देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या दोघांच्याही हिताचे नाही.